लिनक्सवर वेब सर्व्हर उभारताना : इंदूरहून वारंवार येणारे प्रश्न

रामबाग, राजेंद्रनगर, सुदामानगर आणि आसपासची मराठी मंडळं, वाचनालयं, शिकवण्या आणि लहान दुकानं आता आपापली संकेतस्थळं स्वतः चालवू लागली आहेत. त्यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं उबंटू २४.०४ धरून लिहिली आहेत; डेबियनवर फरक थोडाच पडतो. आज्ञा फोनवर सांगतो तशा, उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.

१. स्टॅक म्हणजे नेमकं काय? लॅम्प आणि लेम्प यांत फरक काय?

एकावर एक बसणारे चार थर. खाली लिनक्स, त्यावर ब्राउझरची मागणी ऐकणारा वेब सर्व्हर, पानं तयार करणारी भाषा, म्हणजे बहुधा पीएचपी, आणि माहिती साठवणारा डेटाबेस. वेब सर्व्हर अपाचे असेल तर लॅम्प, एन्जिनएक्स असेल तर लेम्प. डेटाबेस मायएसक्यूएल घ्या किंवा मारियाडीबी. मारियाडीबी ही मायएसक्यूएलच्याच मूळ कर्त्याने, मायकेल विडेनियस यांनी, २००९ मध्ये काढलेली शाखा आहे आणि साध्या संकेतस्थळाला दोन्ही सारखीच चालतात.

हे थर वेगवेगळे आहेत हे मनात पक्कं ठेवा. खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात मी एकच गोष्ट सांगणार आहे: कोणता थर बोलत नाहीये ते आधी शोधा, मग फाइलला हात लावा.

२. वाचनालयात एक जुना पीसी पडून आहे. त्यावरच साइट चालेल ना? भाड्याचा सर्व्हर कशाला?

पीसीला ताकद पुरते. ४ जीबी रॅम आणि जेल रोडवरच्या दुकानातून आणलेली साधी एसएसडी एवढ्यावर पुस्तकांची सूची आरामात चालते. अडचण इंटरनेटची आणि विजेची असते.

घरगुती जोडणीत बऱ्याचदा तुम्हाला स्वतःचा जाहीर आयपी पत्ता मिळतच नाही. अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे बसवलेले असतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही त्यातलेच. मग राउटरवर पोर्ट (आत यायचं क्रमांकाचं दार) कितीही उघडा, बाहेरचा माणूस आत येणार नाही. स्थिर आयपी मागून घ्यावा लागतो आणि त्याचे वेगळे पैसे पडतात.

वीज गेली तर यूपीएस हवा, आणि बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'वीज परतल्यावर आपोआप सुरू हो' ही सोय चालू हवी. नाहीतर पावसाळ्यात रात्री बंद पडलेला पीसी सकाळी ग्रंथपाल येईपर्यंत बंदच राहतो.

माझं मत विचाराल तर, सूची फक्त वाचनालयाच्या आत बघायची असेल तर जुना पीसी उत्तम. जगाला दाखवायची असेल तर मुंबईतल्या डेटा सेंटरमधला लहान भाड्याचा सर्व्हर घ्या. पीसी शिकायला ठेवा. मोडतोड करायला तो हक्काचा.

३. कोणतं लिनक्स घेऊ?

उबंटूची एलटीएस, म्हणजे लांब मुदतीच्या पाठिंब्याची, आवृत्ती किंवा डेबियन. २४.०४ ही एप्रिल २०२४ ची आहे आणि तिला पाच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. अजून सेंटओएस ७ वर बसला असाल तर तिथून निघा: त्याचा पाठिंबा ३० जून २०२४ रोजी संपला.

४. अपाचे की एन्जिनएक्स?

जुनी साइट असेल आणि तिचे नियम एचटीॲक्सेस नावाच्या फाइलीत लिहिलेले असतील, तर अपाचे. एन्जिनएक्स ती फाइल वाचतच नाही. नियम हाताने त्याच्या भाषेत उतरवावे लागतात, आणि 'दुवे चालत नाहीत, फक्त मुखपृष्ठ उघडतं' ही तक्रार तिथूनच येते. उबंटूच्या अपाचेतही एक मेख आहे: 'अलाऊओव्हरराइड' मुळात 'नन' असतं, म्हणजे तोसुद्धा ती फाइल सोडून देतो. ते 'ऑल' केलं की दुवे चालू होतात.

नवी साइट, कमी रॅम, चित्रं भरपूर, अशी स्थिती असेल तर एन्जिनएक्स. दोन्ही एकदम बसवू नका. ८० क्रमांकाचं पोर्ट एकालाच मिळतं आणि दुसरा 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणत बसतो.

५. कोणत्या क्रमाने बसवू म्हणजे फसणार नाही?

क्रमापेक्षा मधली तपासणी महत्त्वाची. लोक इंटरनेटवरून वीस आज्ञा एका दमात चिकटवतात आणि शेवटी पांढरं पान आलं की कुठून सुरुवात करायची ते कळत नाही.

आधी 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि 'सुडो ॲप्ट अपग्रेड'. मग फक्त एन्जिनएक्स. लगेच त्याच मशीनवर 'कर्ल -आय लोकलहोस्ट' चालवा; पहिल्या ओळीत '२०० ओके' दिसलं की वेब सर्व्हर जिवंत आहे. आता मोबाइलचा डेटा वापरून बाहेरून पाहा. आतून दिसतं आणि बाहेरून नाही, तर दोष फायरवॉलचा (कोणती पोर्टं उघडी ते ठरवणाऱ्या पहाऱ्याचा) किंवा जोडणीचा. एन्जिनएक्सच्या फाइली उघडायचं कारण नाही.

नंतर पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा), आणि सोबत मायएसक्यूएल, एमबीस्ट्रिंग, एक्सएमएल ही तिची जोडपॅकेजं. 'पीएचपीइन्फो' छापणारी एका ओळीची फाइल ठेवा. माहितीचं लांबलचक पान दिसलं तर दुसरा थर जागेवर. फाइल पानाऐवजी डाउनलोड होत असेल तर एन्जिनएक्सला पीएचपी कुठे पाठवायची ते सांगायचं राहिलं आहे. पाहून झालं की ती फाइल पुसा. तुमच्या मशीनची सगळी कुंडली तिच्यात असते.

मग डेटाबेस. 'मायएसक्यूएल सिक्युअर इन्स्टॉलेशन' चालवा, साइटसाठी वेगळा डेटाबेस आणि त्याच्यापुरताच हक्क असलेला वेगळा वापरकर्ता करा. त्या वापरकर्त्याने टर्मिनलवरून आत जाता येतं का ते बघा. ते जमलं की साइटच्या फाइली, आणि सगळ्यात शेवटी साइट सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र (प्रश्न १३).

एन्जिनएक्सची फाइल बदलल्यावर प्रत्येक वेळी 'सुडो एन्जिनएक्स -टी'. चूक असेल तर ओळीच्या क्रमांकासकट सांगतो. ते न करता रीस्टार्ट केलं आणि एक अर्धविराम राहिला असेल, तर चालू साइटही खाली येते.

६. फायरवॉल चालू केला आणि मीच बाहेर अडकलो. आता?

यूएफडब्ल्यू म्हणजे उबंटूचा फायरवॉल. 'यूएफडब्ल्यू एनेबल' करण्याआधी 'यूएफडब्ल्यू अलाऊ ओपनएसएसएच' करायचं राहिलं. भाड्याच्या सर्व्हरला कंपनीच्या पानावर कन्सोल असतो. तो ब्राउझरमध्ये उघडतो, एसएसएचची (दुरून टर्मिनलने आत जायच्या सोयीची) गरज नाही. तिथून नियम घाला. पुढे ८० (साध्या वेबचं) आणि ४४३ (सुरक्षित वेबचं) ही पोर्टं उघडा. ३३०६ हे डेटाबेसचं पोर्ट जगाला उघडायचं नाही.

७. मायएसक्यूएलचा रूट पासवर्ड बरोबर टाकतोय तरी 'ॲक्सेस डिनाइड' येतं. पासवर्ड कुठे विसरलो का?

पासवर्ड मुळात नाहीच. उबंटूवर डेटाबेसचा रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, हा लिनक्सच्या रूटशी बांधलेला असतो आणि ओळख तिथूनच पटवतो. 'सुडो मायएसक्यूएल' लिहा, सरळ आत जाल. साइटच्या सेटिंगमध्ये रूट वापरूच नका, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

८. '४०३ फॉरबिडन' येतं. सगळ्या फाइलींना ७७७ देऊ का?

नको. ७७७ म्हणजे मशीनवरच्या कुणालाही तुमची फाइल बदलायची मुभा. आधी 'व्हार, लॉग, एन्जिनएक्स' या फोल्डरमधल्या एरर लॉगची शेवटची ओळ वाचा.

तिच्यात '१३ : परमिशन डिनाइड' असेल तर वाट कुठेतरी अडली आहे. बहुतेकांनी साइट स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवलेली असते. उबंटू २१.०४ पासून नव्या होम फोल्डरची परवानगी ७५० असते, त्यामुळे वेब सर्व्हरला त्या दारातूनच आत शिरता येत नाही. आतल्या फाइलींना कितीही परवानग्या वाटा. 'नेमआय -एल' या आज्ञेपुढे फाइलचा पूर्ण मार्ग लिहिला की प्रत्येक पायरीची परवानगी ओळीने दिसते. साइट 'व्हार, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' या फोल्डरखाली हलवा, फोल्डरांना ७५५ आणि फाइलींना ६४४ द्या. चित्रं चढवायचा एक फोल्डर तेवढा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याच्या नावावर करा.

लॉगमध्ये 'डिरेक्टरी इंडेक्स' असं असेल तर परवानगीचा संबंध नाही. फोल्डरमध्ये मुखपृष्ठाची फाइलच नाही, किंवा 'इंडेक्स'च्या ओळीत पीएचपीचं नाव घातलेलं नाही.

९. काल चालत होतं, आज '५०२ बॅड गेटवे'. काहीच बदललं नाही!

मशीनने स्वतःच काही बदललेलं असू शकतं. ५०२ चा अर्थ एन्जिनएक्स जिवंत आहे, मागे पीएचपी उत्तर देत नाही. 'सिस्टिमसीटीएल स्टेटस' करून पीएचपी-एफपीएम चालू आहे का बघा. चालू असेल तर एरर लॉगमधला कंसातला आकडा पाहा. २ म्हणजे सॉकेटची, म्हणजे एन्जिनएक्सला पीएचपीशी जोडणारी, फाइलच तिथे नाही. उबंटू २२.०४ वरून २४.०४ वर गेलात की पीएचपी ८.१ ची ८.३ होते आणि सॉकेटच्या नावातला आकडाही बदलतो. एन्जिनएक्सच्या फाइलीत मात्र जुनंच नाव राहतं. १३ आला तर सॉकेटची परवानगी अडली आहे.

मोठ्या बदलाबरोबर जुनी साइटच कोसळली असेल, तर तिच्यात 'मायएसक्यूएल कनेक्ट' हे जुनं फंक्शन शोधा. ते पीएचपी ७ मधून, म्हणजे २०१५ पासून, काढून टाकलं आहे. तिथे सेटिंग बदलून उपयोग नाही, साइटच दुरुस्त करावी लागते.

'५०४' वेगळं. तिथे पीएचपी काम करते आहे, पण ६० सेकंदांत संपत नाही. मुदत वाढवण्याआधी डेटाबेसकडे कोणता प्रश्न रेंगाळतोय ते शोधा.

१०. सगळं चालतं, पण मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. फॉन्ट टाकू का?

फॉन्टचा यात काही हात नाही. हा प्रश्न मराठी साइटवाल्यांना सगळ्यात जास्त छळतो.

आधी पाहा काय दिसतं. नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मजकूर बहुधा साठवतानाच गेला. तो परत येत नाही, बॅकअपमधूनच आणावा लागतो. 'à¤' सारखी विचित्र जुळणी पुन्हा पुन्हा दिसत असेल तर मजकूर शाबूत आहे, वाचणारा चुकीच्या पद्धतीने वाचतो आहे.

चार ठिकाणी एकच कूटपद्धत (अक्षरं बाइटांत साठवायची रीत) हवी: डेटाबेस, टेबल, पीएचपीची डेटाबेसशी जोडणी आणि पान. चारही जागी 'यूटीएफ८एमबी४'. पानावर तिला नुसतं यूटीएफ-८ म्हणतात. लोक टेबल सुधारतात आणि जोडणी विसरतात. पीडीओ (पीएचपीची डेटाबेसशी बोलायची एक सोय) वापरत असाल तर जोडणीच्या ओळीतच 'कॅरसेट' लिहा.

कुणी विचारतं, जुन्या 'यूटीएफ८' मध्ये मराठी नीट दिसतं, मग बदलायचं कशाला? मायएसक्यूएलचं जुनं 'यूटीएफ८' एका अक्षरचिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट देतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नेमकं ३ बाइटांत बसतं. म्हणून वरवर सगळं ठीक वाटतं. पण इमोजीला ४ लागतात, आणि मोडीलाही ४. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली आणि तिची जागा वरच्या पट्ट्यात आहे. इंदुरात कुणाच्या माळ्यावर होळकरांच्या काळातले मोडी कागद निघतील सांगता येत नाही. उद्या वाचनालयाने त्यांची नोंद मोडीतच करायची ठरवली, तर जुन्या टेबलात ते एक अक्षरही बसणार नाही. आजच बदला. बदलण्याआधी बॅकअप घ्या.

आणि पीएचपीत लांबी मोजताना 'एमबी'ने सुरू होणारी फंक्शनं वापरा. 'इंदूर' या शब्दाची लांबी साधं 'एसटीआरलेन' १५ सांगतं, 'एमबी'वालं ५. बातमीचे पहिले १०० बाइट कापून दाखवले की शेवटचं अक्षर अर्धवट तुटतं आणि तिथे काळा चौकोन येतो, तो यामुळेच.

११. पुस्तक सूचीत आहे, डोळ्यांना दिसतंय, पण शोधलं की सापडत नाही. असं कसं?

डोळ्यांना सारखे दिसणारे शब्द मशीनला वेगळे असतात. 'दऱ्या' घ्या. यातला अर्धा र तीन तऱ्हेने टाइप होतो: नुक्तावाला ऱ हे एकच चिन्ह, साधा र आणि त्याला वेगळा जोडलेला नुक्ता, किंवा र, हलंत आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही एकच. 'ॲ'चंही तसंच: एका कळफलकात ते एक चिन्ह, दुसऱ्यात अ आणि वर चंद्र.

उपाय म्हणजे साठवतानाही आणि शोधतानाही मजकूर एकाच साच्यातून काढायचा. पीएचपीच्या 'इंटल' जोडपॅकेजातलं 'नॉर्मलायझर' र-नुक्त्याची पहिली दोन रूपं एक करतं. जोडकाचं रूप आणि 'ॲ'ची दोन रूपं ते एक करत नाही. तेवढ्यासाठी बदलीच्या दोन-तीन ओळी हाताने लिहा. एका पुस्तकासाठी आलेला वाचक 'नाही' ऐकून परत जातो, त्यामानाने हे काम फार थोडं आहे.

१२. '.भारत' नाव घेतलं, पण एन्जिनएक्स ते ओळखत नाही.

ब्राउझर तुमचं देवनागरी नाव पाठवण्याआधी त्याचं रोमन रूप करतो. त्याला प्युनीकोड म्हणतात, आणि ते 'एक्सएन' व दोन आडव्या रेघांनी सुरू होतं. 'सर्व्हर नेम'च्या ओळीत तेच रूप लिहा. प्रमाणपत्र मागतानाही तेच द्या.

१३. मोफत प्रमाणपत्र मिळत नाही, किंवा तीन महिन्यांनी साइट 'असुरक्षित' होते.

लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि सर्टबॉट हा प्रोग्रॅम ते आपोआप नवं करतो. नेहमीच्या पद्धतीत त्याला ८० चं पोर्ट उघडं लागतं. 'आता सगळं ४४३ वर चालतं' म्हणून कुणी ८० बंद केलं की पुढची मुदतवाढ गुपचूप फसते. मुदत संपत आल्याची ईमेलही जून २०२५ पासून येत नाही, तेव्हा 'सर्टबॉट रिन्यू' पुढे 'ड्राय-रन' लावून पाहत जा.

पहिल्यांदाच मिळत नसेल तर नाव तुमच्या मशीनकडे वळलंय का ते 'डिग'ने तपासा. एक फसवी गोष्ट: नावाला जुनी आयपीव्ही६ (नव्या प्रकारच्या आयपी पत्त्याची) नोंद चिकटलेली असेल, तर तुम्हाला साइट नीट दिसते, पण लेट्स एन्क्रिप्ट आधी आयपीव्ही६ कडे जातं आणि भलत्याच मशीनवर पोहोचतं. ती नोंद काढा. आंधळेपणाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. एका नावाला तासात पाच अपयशं झाली की थांबावं लागतं.

१४. एसएसएचचा पासवर्ड बंद केला, तरी पासवर्डने आत जाता येतं!

तुम्ही मुख्य फाइल बदललीत. भाड्याच्या उबंटूवर 'एसएसएचडी कॉन्फिग डी' या फोल्डरमध्ये बऱ्याचदा ५० ने सुरू होणारी क्लाउड-इनिटची (सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग करणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल असते आणि तिच्यात पासवर्ड चालू ठेवलेला असतो. ती आधी वाचली जाते, आणि एसएसएचमध्ये पहिलं वाचलेलं मूल्य टिकतं. तिथेच बदला. मग 'सुडो एसएसएचडी -टी' चालवा, यातला टी मोठ्या लिपीतला. प्रत्यक्षात लागू असलेली मूल्यं तो छापून दाखवतो.

पोर्ट बदलूनही जुनंच राहत असेल तर कारण निराळं. २४.०४ मध्ये एसएसएचचं पोर्ट सिस्टिमडीचं (सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेचं) सॉकेट धरून ठेवतं. 'डेमन-रीलोड' करून 'एसएसएच डॉट सॉकेट' रीस्टार्ट करा. या सगळ्यात एक जुनी खिडकी उघडी ठेवा, आणि नव्या खिडकीतून आत जाता आलं की मगच ती मिटा.

१५. डॉकरमध्ये डेटाबेस चालवतो. यूएफडब्ल्यूने ३३०६ बंद आहे, तरी बाहेरून उघडं दिसतं. का?

डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) स्वतःचे नियम यूएफडब्ल्यूच्या आधी लावतो, त्यामुळे बाहेर काढलेलं पोर्ट यूएफडब्ल्यूला न जुमानता उघडं राहतं. पोर्ट लिहिताना पुढे १२७.०.०.१ जोडा, म्हणजे ते फक्त त्या मशीनपुरतं राहील. एकाच कंपोज फाइलमधल्या दोन डब्यांना एकमेकांशी बोलायला तर पोर्ट बाहेर काढावंच लागत नाही.

१६. गणेशोत्सवाच्या स्पर्धांची नोंदणी उघडली की साइट बसते. मोठा सर्व्हर घेऊ?

आधी दोन लॉग बघा. पीएचपी-एफपीएमच्या लॉगमध्ये 'मॅक्स चिल्ड्रन' गाठल्याची ओळ असेल, तर एका वेळी चालणाऱ्या प्रक्रिया कमी पडल्या. उबंटूत ही मर्यादा मुळात ५ असते. अथर्वशीर्ष पठणाची नोंदणी संध्याकाळी आठला उघडली आणि शंभर पालक एकदम आले, तर पाच सोडून बाकीचे रांगेत. एक प्रक्रिया किती रॅम खाते ते 'पीएस'ने बघा, मोकळ्या रॅमला त्याने भागा, आणि त्याहून थोडा कमी आकडा ठेवा. आकडा नुसता वाढवत नेलात तर रॅम संपते.

'जर्नलसीटीएल -के'मध्ये 'आउट ऑफ मेमरी' दिसलं तर ती संपलेलीच आहे. कर्नल (लिनक्सचा गाभा) अशा वेळी सगळ्यात जड प्रक्रिया मारतो, आणि ती बहुधा डेटाबेस असते. १ जीबीच्या मशीनवर १-२ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ठेवा. वेळापत्रक, नियमावली ही न बदलणारी पानं साधी एचटीएमएल करून ठेवली की पीएचपीवरचा अर्धा बोजा तिथेच उतरतो. एवढं करूनही बसत असेल तर मोठा सर्व्हर घ्या, तोही दहा दिवसांपुरता.

१७. अर्जासोबत आधाराचा फोटो जोडला की '४१३' येतं.

एन्जिनएक्स मुळात १ एमबीपुढची मागणी नाकारतो. 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' वाढवा. पीएचपीची स्वतःची हद्द आणखी वेगळी: एका फाइलला २ एमबी, सगळ्या अर्जाला ८ एमबी. तीनही एकत्र बदला. आणि आधाराची प्रत खरंच हवी आहे का, हे मंडळाला विचारा. वयाच्या गटासाठी जन्मतारीख पुरत असेल तर ती प्रत तुमच्या मशीनवर येऊच देऊ नका.

१८. रोज रात्री दोनला बॅकअप लावलाय, पण तो सकाळी साडेसातला होतो. शिवाय तो कामाचा आहे हे कसं कळणार?

मशीन जागतिक वेळेवर चाललं आहे. आपण साडेपाच तास पुढे. 'टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन' पुढे 'एशिया/कोलकाता' लिहा (यातली ए आणि के ही पहिली अक्षरं मोठ्या लिपीत) आणि क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा, रीस्टार्ट करा.

बॅकअपमध्ये तीन गोष्टी हव्यात: 'मायएसक्यूएलडंप' (सोबत 'सिंगल-ट्रान्झॅक्शन', म्हणजे चालू नोंदणी अडत नाही), चढवलेली चित्रं, आणि एन्जिनएक्सच्या फाइली. प्रत त्याच मशीनवर ठेवू नका. महिन्यातून एकदा ती प्रश्न २ मधल्या जुन्या पीसीवर उतरवा, साइट उघडा, आणि 'दऱ्या' असलेलं एखादं पुस्तक शोधून पाहा. सापडलं आणि अक्षरं शाबूत दिसली, तर तो बॅकअप कामाचा.